पश्चिमेच्या भिंतीतले तीन फूट

बाहेरून बेचाळीस फूट भरलेली रुंदी आतून छत्तीसच भरली, तेव्हा दीप्तीला आधी स्वतःचाच संशय आला. मोनू झाल्यापासून तिचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा जरा उडालाच होता. दूध गॅसवर ठेवून ती विसरायची, दाराला कुलूप लावून खाली उतरायची आणि पुन्हा जिना चढून ते ओढून बघायची. म्हणून तिनं वहीतला आकडा खोडला आणि दालनाच्या पलीकडे टेपचं टोक धरून उभ्या असलेल्या शालीकरामला म्हटलं, "भाऊ, पुन्हा धरा." शालीकराम तिथला चौकीदार, पंधरा वर्षांपासून या बंद कारखान्याच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणारा. "फिर से? मॅडम, भित काय रातभरात वाढून राहिली का?" असं म्हणत त्यानं टेप धरला. पुन्हा छत्तीस. दोन्ही बाजूंच्या भिंती दीड-दीड फुटाच्या, म्हणजे झाले एकोणचाळीस. चुन्याच्या जुन्या बांधकामात इंच इकडेतिकडे होतो, चार इंचही होतात. तीन फूट होत नाहीत. तीन फुटांत माणूस खांदे न घासता चालू शकतो. हे वाक्य तिच्या डोक्यात आपसूक आलं, आणि आल्यावर मग गेलं नाही.

तसं तिला या इमारतीनं दोन महिन्यांत फसवलं नव्हतं. शेठ दुर्गाप्रसादांचा हा बिडी कारखाना १९३४ चा. विटा आणि चुना, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या, त्यावर मंगलोरी कौलं, आणि छपराच्या माथ्यावर धूर-वाफ जायला दुसरं छोटं छप्पर, टोपीवर टोपी घातल्यासारखं. मधोमध बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चौदा खांब. दक्षिणेला तंबाखूची कोठी, उत्तरेला मुनीमाची खोली, आणि त्या दोहोंच्या मध्ये हे लांबच लांब दालन, जिथं एकेकाळी तीन-चारशे बाया-माणसं मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधत. पूर्वेला पुरुषभर उंचीच्या दहा खिडक्या. पश्चिमेला मात्र एकही नाही. तिकडे नुसत्या भिंतीत कोरलेल्या अकरा आंधळ्या कमानी, आणि प्रत्येक कमानीच्या दोन्ही खांद्यांवर गिलाव्याचं एकेक आठ पाकळ्यांचं कमळ. आता इथं वारसा संग्रहालय होणार होतं. जुने वजनकाटे, तेंदूपान कापायच्या कात्र्या, बिडीच्या बंडलांवरची रंगीत लेबलं काचेत मांडायची होती. दीप्तीकडे सिव्हिलचा डिप्लोमा होता, आणि तिचं काम होतं इमारतीचा इंच न् इंच मोजून नकाशे करायचे. मोजणं तिला लहानपणापासून आवडायचं. माणसं बोलतात एक आणि असतात एक. भिंत तशी करत नाही, असं तिला वाटायचं. म्हणूनच ते तीन फूट इतके तिच्या जिव्हारी लागले असावेत. ती पश्चिमेच्या भिंतीसमोर उभी राहिली. बावीस कमळं तिच्याकडे बघत होती. शालीकराम टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "दीवारच मोटी आहे मॅडम. जुने जमाने का काम. वहाँ कुछ नाई." तिनं विचारलं नसताना त्यानं हे कशाला सांगावं, असं तिच्या मनात आलं. मग तिला लाज वाटली, की आपण आता चौकीदाराच्या साध्या बोलण्यातही खाचखळगे शोधायला लागलो.

आणि तसल्या लाजेच्या क्षणी ती आजकाल जे करायची तेच तिनं केलं. खांबाच्या आडोशाला जाऊन पर्समधून मोबाइल काढला आणि ते ॲप उघडलं. पडदा आधी काळा, मग गोल फिरणारं चक्र, मग घर. तिची स्वतःची बैठकीची खोली, पण वरून आणि तिरपी, दुसऱ्याच कुणाच्या घरासारखी. जमिनीवर मोनूची निळी गादी. गादीवर मोनू, दोन्ही मुठी डोक्याजवळ, निजलेला. आणि गादीच्या पलीकडे कलाबाई. तिची सासू. पाठमोरी. पांढरा पदर, खांद्यावरून पुढे गेलेला, वाकलेली मान, आणि दोन्ही कोपरं अंगाला चिकटून बारीक बारीक हलणारी. हातात काय आहे ते दिसत नव्हतं. आठ दिवस झाले होते घरात जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून. आठही दिवस तिला मोनू नीट दिसला होता, आणि आठही दिवस कलाबाईंची फक्त पाठ.

याची सुरुवात झोपेपासून झाली. मोनू सात महिन्यांचा. दीप्तीजवळ तो चाळीस मिनिटांच्या वर कधी निजला नव्हता. भांड्याला भांडं लागलं की उठणार, पंख्याचा वेग बदलला की उठणार. आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कलाबाई म्हणाल्या, "तीन घंटे निजला. काई त्रास नाई." तीन तास. दीप्तीनं त्याला उचलून घेतलं, मानेत नाक खुपसलं. दुधाचा, पावडरीचा, आंबट लाळेचा तो वास ज्याच्यासाठी तिचा जीव दिवसभर घुसमटायचा, आणि त्याच्या तळाशी दुसराच एक वास. ओलसर पाल्याचा. आणि तंबाखूचा. अगदी पुसट, पण होता. कलाबाई देवरीकडच्या त्यांच्या गावात असताना गुडाखू लावत, हे तिला लग्नानंतर कळलं होतं. ती काळी तंबाखूची पेस्ट, बोटानं हिरड्यांवर घासायची. मग दीप्तीच्या नवऱ्यानं, राजदीपनं, आईला शपथ घातली आणि त्यांनी सोडली, असं राजदीप सांगायचा. राजदीप इटियाडोहच्या कालव्यावर नोकरीला, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. त्याला हे काय सांगायचं? की तुझी आई माझ्या लेकराला काहीतरी चाटवते आणि निजवते? बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, "पुराने लोग अफीम भी चटाते थे, पता भी नहीं चलता." त्या बाईचं नावसुद्धा दीप्तीला धड ठाऊक नव्हतं, पण वाक्य मात्र रात्रंदिवस ठाऊक राहिलं. कलाबाई नसत्या तर नोकरी नव्हती. पाळणाघराचा विचार तिनं करून पाहिला होता. सात महिन्यांचं मूल घ्यायला जवळपास कुणी तयार नव्हतं. आणि कलाबाईंना नुसती शंका जरी आली की सून आपल्यावर पाळत ठेवते, तर ती बाई एक शब्द न बोलता गाठोडं बांधेल आणि देवरीची बस धरेल, याबद्दल दीप्तीला तिळमात्र शंका नव्हती. मोठ्या सुनेनं एकदा डाळीच्या डब्यावर खूण करून ठेवली होती म्हणून कलाबाई तिच्या घरी चार वर्षं पाण्याला शिवल्या नव्हत्या. म्हणून तिनं जुना फोन फार जपून लपवला. फडताळावर बुद्धांची मूर्ती होती, तिच्या मागे, डोळा तेवढा मूर्तीच्या खांद्याआडून बाहेर. वायर भिंतीच्या कडेनं. लपवताना ती मध्येच थांबली होती. मूर्तीचे मिटलेले डोळे आणि त्यामागचा तो उघडा. पण मग तिनं मोनूकडे बघितलं होतं आणि फोन नीट टेकवला होता.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून प्रफुल आला. तो वास्तुविशारद, या सगळ्या कामाचा प्रमुख, उन्हाचा गॉगल कपाळावर चढवून बोलणारा, स्वभावानं मात्र वाईट नाही. तीन फुटांचं ऐकून तो खूशच झाला. "पोकळ भिंत असणार. दोन भिंती, मध्ये हवा. गोंदियाचा मे महिना, पश्चिमेचं ऊन... शेठजींनी काय विचार केलाय बघ, कामगारांना उकडू नये म्हणून. फलकावर घेऊ आपण. 'कामगारांच्या सुखासाठी' असं काहीतरी." दीप्ती म्हणाली, "पण सर, गारव्यासाठी इतकी रुंद कशाला?" "त्या वेळी जागेची कमी नव्हती." हे उत्तर तिला पटलं नाही. ती दुपारभर मुनीमाच्या खोलीत बसली. त्या खोलीच्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, भिंतीत बसवलेलं एक लाकडी कपाट होतं. बाकी सगळी कपाटं फूटभर खोल. हे मात्र उघडलं की फळ्याच नव्हत्या, आणि मागची लाकडी पाठ एका बाजूनं गुळगुळीत, हात लागून लागून झालेली. तिनं ती ढकलली. हलली नाही. ओढली. तेव्हा जुन्या बिजागरीनं असा आवाज केला की बाहेर शालीकराम "क्या हुआ" म्हणत धावत आला.

आत अंधार होता आणि वास होता. तो वास तिनं ओळखला. तो तिच्या लेकराच्या मानेतला वास होता. पाल्याचा आणि तंबाखूचा. पुढच्याच क्षणी तिला समजलं की हा कारखान्याचाच वास आहे, पलीकडच्या कोठीतला, नव्वद वर्षांचा, विटांत मुरलेला. पण अंगावर आलेला काटा लगेच गेला नाही. शालीकरामच्या मागोमाग आलेल्या प्रफुलनं मोबाइलचा उजेड पाडला. गल्ली होती. तीन फूट रुंद, दालनाच्या लांबीइतकी सरळ. पायाखाली मऊ लागलं. तिनं खाली वाकून मूठभर उचललं, तर धानाचं तूस. काळं पडलेलं, बोटांत भुगा होणारं. जमिनीवर धानाचं तूस का अंथरावं, हे तिच्या लगेच ध्यानात आलं, आणि प्रफुल "इन्सुलेशनसाठी बहुतेक" म्हणाला तेव्हा तिनं मूठ पुन्हा खाली रिकामी केली. तुसावर चाललं की पाऊल वाजत नाही. ती चालत गेली. स्वतःच्या पावलांचा आवाज तिलाही येत नव्हता. तिसऱ्या कमानीपाशी भिंतीत उजेडाचा बारीक टिपका होता, डाळीच्या दाण्याएवढा. सातव्यापाशी एक. दहाव्यापाशी एक. प्रत्येक टिपक्याच्या खाली भिंतीत एक लाकडी फळी बसायला, आणि टिपक्याच्या जरा वर, चुन्याच्या गिलाव्यावर, हाताच्या पंजाएवढा तपकिरी चकचकीत डाग.

"झरोके," प्रफुल म्हणाला, "हवा खेळायला." "मग हा डाग कसला सर?" त्यानं बघितलं, बोटानं पुसलं, वास घेतला. मग बोट रुमालाला पुसलं. "आपलं काम मोजायचं आहे दीप्ती," तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा गॉगल नव्हता. "पुढच्या आठवड्यात ट्रस्टची बैठक आहे. त्यात शेठजींचे नातू असतील. संग्रहालयाच्या फलकांचा मजकूर त्यांनी वाचलाय, त्यांना आवडलाय. नकाशा तू करशील तसा लावू. मजकुराचं बघू नंतर." तो बाहेर गेला. दीप्ती फळीवर बसली. बसल्यावर तिचं कपाळ बरोबर त्या डागावर आलं. तिला ते लावायचं नव्हतं, पण डोळा भोकाशी न्यायचा तर दुसरा उपायच नव्हता. भिंतीनं तिचं डोकं जणू हातात धरून जागेवर बसवलं. कुणाच्या तरी कपाळाचं तेल. वर्षानुवर्षं, रोज, याच जागी. ती बघू लागली. समोर दालन होतं, अख्खं, पूर्वेच्या खिडक्यांच्या उजेडात धुतल्यासारखं स्वच्छ. मध्ये शालीकराम उभा होता. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटल्यावर माणूस जसा होतो तसा तो झाला होता: पोट सैल सोडलेलं, तोंड किंचित उघडं. त्यानं खिशातून पुडी काढली, तळहातावर मळली, ओठात टाकली, मग चप्पल काढून एका पायानं दुसऱ्या पायाची टाच खाजवली. तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला त्याची विलक्षण कीव आली, आणि आणखी बघत राहावंसंही वाटलं. हे दुसरं तिला जास्त भ्यायला लावणारं होतं.

तेवढ्यात छातीत ती ओळखीची कळ आली आणि ओढणीखाली कुडता ओला झाला. साडेतीन वाजले असणार. या वेळेला मोनू घरी कूस बदलतो, तिच्या अंगाला ते घड्याळाआधी कळतं. त्या गल्लीतच, त्या फळीवरच बसून तिनं फोन उघडला. चक्र फिरलं. घर आलं. कलाबाईंची पाठ, हलणारी कोपरं. आणि गादी, पण गादीवर मोनू नव्हता. तो झोपेतच लोळत कडेला आला होता, पडद्याच्या चौकटीबाहेर. दिसत होता तो फक्त एक पाय, पैंजणाचा. मग दीप्तीनं ते बघितलं. कलाबाईंनी मागे वळून न बघता डावा हात मागे नेला, चाचपडून मोनूचा पाय धरला, हलकेच त्याला गादीच्या मधोमध आणलं. मग गादीचा कोपरा धरून अख्खी गादीच चार बोटं सरकवली. आता मोनू पुन्हा चौकटीच्या मध्यावर होता, तोंड वर, नीट दिसेल असा. हात पुढे गेला. कोपरं पुन्हा हलू लागली. गादी नुसती सरकवली नव्हती. चौकटीत आणून ठेवली होती. ज्याला चौकट ठाऊक आहे त्यानंच.

घरी जाताना रिक्षात ती काय काय बोलायचं ते जुळवत राहिली. माफी मागायची, की काही झालंच नाही असं वागायचं, की आधीच राजदीपला फोन करायचा. फाटकाजवळ मालगाडी जाईपर्यंत रिक्षा थांबली. डब्यामागून डबे जात राहिले, आणि तिला वाटलं, ही गाडी संपूच नये. आपण पोचेपर्यंत गाठोडं बांधून झालेलं असेल. मग उद्या मोनूला कोण? आणि त्यामागून, दबक्या पावलांनी, दुसरा विचार: माहीत होतं तर पाठ का करून बसतात? लपवायचं नसेल तर पाठ कशाला?

दार उघडंच होतं. गाठोडं कुठं दिसलं नाही. मोनू जागा होता, आईला बघून त्यानं दोन्ही हात असे मारले की गादीच हलली. तिनं त्याला छातीशी घेतलं, ओढणी सावरून तिथंच खाली बसली, आणि तो चुटुचुटु पिऊ लागला तेव्हा कुठे तिच्या तोंडातून शब्द निघाला. पण जुळवलेल्यातला एकही नाही. ती म्हणाली, "आई, आज त्या कारखान्यात भिंतीच्या आत एक गल्ली सापडली."

कलाबाई लसूण सोलत होत्या. "हूं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तूस आहे का अजून खाली?"

दीप्तीनं मान वर केली. तुसाचं तिनं सांगितलं नव्हतं.

"माजं माहेर इथलंच नाई का, रेल्वेपल्याडचं," कलाबाई म्हणाल्या. "मायसंगं जात होतो आमी पोट्ट्या तिथं. मी दहा-बारा वर्साची असल. माय बांधे, मी पानं कापून देऊ." दीप्ती दोन महिने त्या इमारतीचं बोलत होती, जेवताना, चहा पिताना, आणि ही बाई नुसती "हो का" म्हणत होती. "मग सांगितलं का नाही आई?" "तू मोजून राहिली होती. म्हटलं, मोज." त्यांनी लसणीची पाकळी ताटलीत टाकली. "तिथं फुलं आहेत पाहा भितीवर. तिसऱ्या कमानीचं, सातव्या कमानीचं न् दहाव्या कमानीचं, त्याच्यात पाहाचा डोरा होता, एवढंसं भोक. आत मुनीम बसे. कोन तंबाखू कमरेले खोचते, कोन पानं चोरते, कोन उगीच बोलत बसते. त्याले वाटे आमाले मालूम नाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाकीच्या फुलाईत मकडी जाळं करे. त्या तीनात नाई करे." त्या हसल्या, पहिल्यांदाच, वरचा एकच दात दाखवून. "मकडी कायले बसल जिथं मानूस रोज जाळं फुकून राहिला? माय म्हने, त्याले पाहू दे, आपले हात त्याले दाखवाचे नाई. मंग सगळ्या बाया पाठ करून बसत. लय बोलणी खाल्ली, पन बसल्या तशाच. म्हनत, उजेड खिडकीकडून येते साहेब, तिकडे तोंड केल्याशिवाय पान दिसत नाई."

मोनूनं पिणं थांबवून आजीच्या आवाजाकडे बघितलं आणि पुन्हा तोंड लावलं. दीप्तीला विचारल्याशिवाय राहवेना. "आणि ज्यांची लेकरं लहान होती त्या?"

"लेकरं आमी भितीकडे निजवत होतो. मुनीमाच्या डोऱ्यासमोर." कलाबाई सहज म्हणाल्या, भाजीचं सांगावं तसं. "पाठीमागे लेकरू, आपन कामात. विंचू निगे तिथं, घुशी होत्या. आता तो एवढा बसूनच राहिला पाहात, त लेकराले पाहील ना बापा. जागेश्वर म्हनून एक होता, गोपिकाबाईचा, रांगत रांगत कोठीत गेला न् तंबाखूच्या ढिगात पडला. कोनाच्या ध्यानात नाई. मुनीम भितीतूनच वरडला, 'अरे बच्चा देखो.' मंग त्याले समजलं का आपन काय करून बसलो. दोन दिवस तोंड नाई दाखवलं त्यानं." लसूण संपली होती. त्यांनी सालं पदरात गोळा केली. "ज्याले पाहाचं आहे त्यानं लेकराले पाहावं. माजे हात कायले पाहाचे?"

बाहेर संध्याकाळची कुणाची तरी गाडी चालू होईना, किक मारण्याचा आवाज येत राहिला. दीप्तीला फडताळाकडे बघायचं नव्हतं, तरी तिनं बघितलं. कलाबाईंनीही बघितलं. "मूर्ती रोज सकारी कोन पुसते वो?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि नव्हता म्हणूनच दीप्तीला रडू आलं. मोनूच्या केसांत तोंड खुपसून ती रडली, आणि रडतानाही तिला त्या केसांत तोच वास आला, तंबाखूचा, पुसट. इतकं होऊनही संशय मेला नव्हता, हे तिला कळलं. तो आत बसूनच होता, फळीवर, कपाळ टेकून. ती म्हणाली, "आई, मला माफ करा. पण त्याच्या अंगाला वास येतो. आणि तो इतका निजतो. मला सांगा फक्त. मी राजदीपला नाही सांगणार."

कलाबाई पदरातली सालं एकेक करून ताटलीत टाकत राहिल्या. हा वेळ दीप्ती पुढे कधी विसरली नाही. या वेळात ती बाई उठून देवरीच्या बसला जाऊ शकत होती, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, खरंच उठल्या. आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात त्यांचं गाठोडं होतं. दीप्तीनं मोनूला घट्ट धरलं. पण त्यांनी ते तिच्यासमोर खाली ठेवलं आणि सोडलं. दोन लुगडी. चष्म्याची डबी. आणि लुगड्यांच्या मध्ये एक लहानसं सूप, बांबूचं, वापरून वापरून काळं झालेलं, कडा फाटलेल्या, दोऱ्यानं शिवलेल्या. दीप्तीनं ते नाकाशी नेलं. तोच वास. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं होती, बोथट टोकाची कात्री, लाल दोऱ्याची रीळ, आणि एका बाजूला रचलेल्या बिड्या. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या. तिनं एक उचलली. वजनच नव्हतं. आत काही नव्हतं, नुसतं पान गुंडाळलेलं.

"राजूनं गुडाखूसंगं याची बी शपथ घातली, का बिडीच्या पानाले हात लावशील त माजं मेलेलं तोंड पाहशील," कलाबाई म्हणाल्या. "शाळेत त्याले पोट्टे बिडीवालीचा म्हनत. त्याच्या मनात बसलं ते. मी बी कबूल केलं. पन पन्नास वर्साचे हात वो. रिकामे राहिले का रात्री ठनकते. म्हटलं तंबाखू नाई घालाची. पान त जंगलाचं." त्या थांबल्या. "न् हा त्याच आवाजानं निजते. कातरीचा न् पानाचा. सगळीच लेकरं निजत होती तिथं. तुजा नवरा बी असाच निजला." मग, जरा तोऱ्यात: "मले पुसलं असतं त सांगितलं असतं. तू त भितीले पुसून राहिली."

दीप्ती उठली. मोनूला त्यांच्या मांडीवर दिलं, फडताळाशी गेली, मूर्तीमागे हात घातला. फोन गरम लागला, जिवंत वस्तूसारखा. ती वायर ओढणार तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू दे तो."

"नको आई."

"राहू दे म्हटलं ना. दिवसा तिथं बसून तुज्या जिवाचं काय होते ते का मले समजत नाई? दूध येते तुले. लेकरू दिसल त बरं वाटल." मोनूनं त्यांच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, त्यांनी ते काढलं नाही. "माजी पाठ दिसल, तेवढं चालवून घे."

राजदीप शनिवारी आला तेव्हा सूप पुन्हा लुगड्यांच्या मध्ये होतं. त्यानं मोनूला उचललं, मान हुंगली, आणि एकदम दीप्तीकडे बघितलं. "कसला वास येतो ग याला?" दीप्ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "माझ्या कपड्यांचा असेल," ती म्हणाली, "दिवसभर त्या कारखान्यात असते." त्याचे डोळे क्षणभर तिच्यावर राहिले, मोजत असल्यासारखे. मागे स्वयंपाकघराच्या दारात कलाबाई उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

नकाशा तिनं रविवारी दुपारी पूर्ण केला, मोनू आजीच्या मागे निजला असताना, राजदीप बाजारात गेला असताना, कात्रीच्या बारीक आवाजात. पश्चिमेच्या नऊ-नऊ इंचांच्या दोन भिंती तिनं दोन रेषांनी काढल्या आणि मधल्या तीन फुटांत लिहिलं: पाळतीची गल्ली. तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या कमानीवर छोटे गोल केले. परवाच्या बैठकीत शेठजींचे नातू ते वाचतील, प्रफुल कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर ओढेल, कदाचित हे शेवटचं काम असेल, हे सगळं तिला दिसत होतं. मग तिनं पेन्सिल पुन्हा उचलली. दालनाच्या आतल्या बाजूनं, त्या तीन गोलांच्या अगदी समोर, जमिनीवर तिनं तुटक रेषेनं तीन लांबट चौकोन काढले. टेप लावायला तिथं काही उरलेलं नव्हतं, म्हणून तिनं माप घरातलं घेतलं. वाकून, मोनूला न उठवता, निळ्या गादीची लांबी मोजली: दोन फूट आठ इंच. आकडा चौकोनात लिहिला आणि खाली बारीक अक्षरांत: लेकरं निजवायची जागा.